तीच गाडी, तेच माप

आमच्याकडे नवी गाडी आली की आधी तिच्यावर कव्हर चढतं, मग ती चालते. रिमोटवर प्लास्टिक, सोफ्यावर चादर, फ्रीजवर जाळीचा रुमाल, तसंच गाडीच्या सीटचं. कंपनीनं दिलेली सीट कशी होती, हे पुष्कळ मालकांना गाडी विकायच्या दिवशीच कळतं. या सवयीवर माझं घर चाललं, म्हणून मी तिला हसत नाही.

अमरावतीच्या राजापेठेत आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, दोन मशिनी, रेक्झिनचे गुंडाळे, आणि बाहेर एक गाडी उभी राहील एवढी जागा, तीही समोरच्या ट्यूशन क्लासच्या स्कुट्यांनी सोडली तर. आमचे हे ऑटोचे टप, म्हणजे वरचं छत, शिवायचे. मी बाजूला बसून बघायची, दोरे तोडून द्यायची. ते गेले तेव्हा मशीनवर अर्धा टप होता. तो मी पुरा केला, आणि तेव्हापासून उठलेच नाही म्हणा ना. शिकवलं कुणी नाही. हातानं सीट चाचपायची, खाकी कागद लावायचा, कापायचा. प्रत्येक गाडीचा असा कागदी फर्मा माझ्याकडे खिळ्याला टांगलेला आहे, त्यावर माझ्या हातानं गाडीचं नाव. मराठी मी रोज पेपरच्या शेवटच्या पानापर्यंत वाचते. इंग्रजी अक्षरं मात्र मला नक्षीसारखी दिसतात. दिसतात छान, बोलत नाहीत.

अलीकडे एक नवंच निघालं आहे. रोजची गाडी, म्हणजे मास्तरांची, बँकवाल्यांची, भाजी आणायची न् सासुरवाडीला जायची, तीच आता पळणारी करून विकतात. लोक तिला टर्बोवाली म्हणतात. तोंड तेच, दारं तीच. टप काळा, खालून एक लाल रेघ, मागं धुराच्या दोन नळ्या, आत काळ्या सीटवर लाल दोरा. चालू केली की माझ्या मशीनवरचा चहाचा पेला थरथरतो. आमच्या राजापेठेत क्लास सुटायच्या वेळी ती गाडी आणि पेरूचा हातगाडा एकाच चालीनं चालतात, पण गाडीवाल्याच्या तोंडावर वेग असतो. असू दे बापडा.

अशी पहिली गाडी माझ्याकडे वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी घेऊन आला. सकाळी आला, दिवसभर दुकानात बसला, आम्हाला संत्री सोलून खाऊ घातली आणि संध्याकाळी कव्हर चढवूनच गेला. मी साध्या गाडीचा फर्मा काढला, लावून बघितला, बसला. फक्त पाठीच्या दोन्ही कडा दोन बोटं जाड होत्या, तेवढी पट्टी वाढवली. "तीच गाडी, तेच माप," मी म्हटलं. माणूस खूश होऊन गेला.

दुसरी गाडी घरचीच. माझ्या धाकट्या बहिणीची पोरगी अकोल्याला सरकारी कचेरीत आहे. बहीण गेली तेव्हा ही दहावीत होती, तिथून लग्नापर्यंत माझ्याजवळच राहिली. तिनं आणि जावईबापूंनी टर्बोवाली घेतली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आणून उभी केली. समोरच्या काचेमागं छोटा बुद्ध, आणि अजून कुणी न बसलेल्या सीटचा तो वास.

"मावशी, असं शिव का सासरचे पाहातच राह्यले पायजे," ती म्हणाली.

मी तसंच शिवलं. तपकिरी रेक्झिन, पांढरी पाईपिन म्हणजे गोल किनार, नायलॉनचा दोरा, कडेला दुहेरी टीप. सुरकुती शोधून दाखवा. शेवटी एकच खोट राहिली होती. समोरच्या दोन्ही सीटच्या पाठीला, दाराकडच्या बाजूनं, कापडाची एक बोटभर चिठ्ठी शिवलेली होती. ब्लाऊजच्या मानेला असते ना, तशी. कव्हराखाली ती फुगीर दिसायची. मी कात्रीनं दोन्ही कापल्या आणि कातरणांत टाकल्या.

चार महिने झाले असतील. तिवश्याचे एक सर बायकोला घेऊन आले, गाडी हीच. मी फर्मा काढला, सीटवर धरला, तर सर एकदम ओरडले, "बाई, थांबा! या बाजूनं बंद नका करू."

"काहून?"

"इथं फुगा आहे ना. एअरबॅग वो. कोनी बाजूनं ठोकलं का इथून फाटकन बाहेर येते, बरगड्या वाचवते."

"फुगा तं स्टेअरिंगमंधी राह्यते, सर."

"साध्या गाडीत तेवढेच होते. याच्यात सहा आहेत. पळते ना ही, मंग तेवढी सोय पायजे. हे पा, लिवलंच आहे." आणि त्यांनी बोट ठेवलं त्या कापडाच्या चिठ्ठीवर.

मी विचारलं, वरून मजबूत कव्हर असलं तर? ते म्हणाले, मग तो आतल्या आत दबतो, नाही तर भलतीकडेच फुटतो. त्यासाठी कव्हर त्या बाजूनं उघडं ठेवतात, नाही तर मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं शिवतात, झटक्यासरशी उसवलं पाहिजे असं.

मुद्दाम कच्चं. एवढी वर्षं मी गिऱ्हाइकाला टीप ओढून दाखवत आले, ओढा, तुमच्याच्यानं उसवली तर नाव सांगणार नाही. मी तिथंच स्टुलावर बसले. सरांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. तिला वाटलं ऊन लागलं.

भाचीला फोन लावला.

"मावशी, ऑफिसात आहो, लवकर बोल."

"गाडी कुठी आहे?"

"घरी. काहून?"

"उद्या काढू नको."

"अवं उद्या तिवश्याले साक्षगंध आहे ना, नणंदेच्या पोरीचं! सकाळी निघून राहिलो आमी."

"बसनं जा."

"नवी गाडी दारात अन् बसनं? सोयरे काय म्हन्तीन, हप्ता थकला म्हन्तीन!"

"कव्हरात चूक झाली माह्या हातून."

ती हसली. "तुयं कव्हर अन् चूक? ऑफिसातल्या चार बाया पाहून गेल्या इथं. जाता जाता येतोच ना तुह्याकडे, तवा पाय काय पाह्याचं ते."

पण जाता जाता म्हणजे अकोल्याहून अमरावतीपर्यंतचा सगळा रस्ता आलाच की मधे. आणि जावईबापूंचं गाडी चालवणं मी एकदा बघितलं होतं. मी म्हटलं, बाजूची शिलाई ब्लेडनं फाडून टाक. तर म्हणते, "तू शिवलेलं मी फाडू? माह्या हातून नाई होत, मावशी." फोन ठेवला तिनं. साहेब आले होते म्हणे.

खरं तर फोनवर मीच पुरतं सांगितलं नाही. फुगा हा शब्द तोंडातून निघाला नाही माझ्या. चिठ्ठी कापली हे तर नाहीच.

सरांना उद्या या म्हटलं, पिशवीत कात्री, उसवणी आणि चष्मा टाकला, शटर ओढलं आणि राजापेठच्या थांब्यावरून अकोल्याची एसटी धरली. दुपारचं ऊन खिडकीतून मांडीवर. गुडघे पुढच्या सीटला लागत होते. एरवी मी बसमध्ये शेजारणीशी बोलत जाते, कुठली, कोणाची, कुठं दिली. त्या दिवशी शेजारीण आपणहून बोलायला आली तरी मी हं हं करत राहिले. बडनेरा गेलं. मूर्तिजापूर आलं. बसला मागं टाकत गाड्या जात होत्या, आणि मला पहिल्यांदाच कळलं की टप न् मागच्या नळ्या दिसल्याशिवाय साधी कोणती न् पळणारी कोणती हे ओळखूच येत नाही. तोंड तेच. काळा टप दिसला की मी मान वळवायची, आत कव्हर आहे का बघायला. दिसणार काय? डोळ्याची पापणी लवेपर्यंत गाडी पुढं. अशा किती गाड्या मोजणार. थकून गेले हो मी. एवढ्या वर्षांच्या कामाचा शीण त्या अडीच तासांत एकदम खांद्यावर येऊन बसला, असं वाटलं.

भाचीच्या घरी पोचले तेव्हा जावईबापू गाडी पुसत होते. नवा टॉवेल घेऊन.

"या या मावशी! गाडीची आठवन आली का आमची?"

"गाडीचीच आली, बापू."

भाची आली, पाणी झालं, मग मी अंगणातच सांगितलं. सगळं. फुगा, दुहेरी टीप, चिठ्ठी. जावईबापूंनी टॉवेल खांद्यावर टाकला. "म्हंजे चार महिने आमी शंभरच्या वर बिनफुग्याचे फिरून राहिलो?" ते हसायला गेले, पण अर्ध्यातच राहिलं.

भाची म्हणाली, "चिठ्ठीवर लिवलेलं होतं ना, मावशी."

"होतं."

"तू वाचलं नाई?"

"वाचता नाई आलं, बाई."

दहावीत असताना हीच पोरगी पाटी घेऊन माझ्यामागं लागायची, ए फॉर ॲपल म्हण मावशी, सव्वीसच तं आहेत. मी म्हणायची, मला कुठं कलेक्टर व्हायचं आहे, तू हो. आता दोघींनाही तेच आठवलं असावं, कारण तिनं मान खाली घातली आणि आत जाऊन चहा ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी उसवायला बसले. बाहेरून ब्लेड मारायचं नव्हतं, आतला फुगा चिरला तर काय घ्या. एकेक टाका उचलून तोडायचा. माझा स्वतःचा दोरा मलाच दाद देईना. बोटं आखडली. उजेड कमी झाला तसा जावईबापूंनी मोबाइलचा टॉर्च धरला.

"काय दोरा आहे हा, मावशी? हत्ती बांधता का याच्यानं?"

"तुमच्यासाठीच घातला होता. घरची गाडी म्हनून."

त्यांनी टॉर्च आणखी जवळ आणला. कव्हराची कड मोकळी झाली तेव्हा मी आतून कंपनीच्या शिलाईवर बोट फिरवलं. सगळीकडे लाल दोरा ठसठशीत, आणि त्या एका बाजूला वीतभर टीप वेगळीच. नाजूक. ज्यानं कुणी ती शिवली, त्यानं मुद्दाम हात हलका ठेवला होता. चार महिन्यांपूर्वी याच टिपेवरून माझं बोट गेलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, कंपनीचं काम बघा, किती कच्चं.

दुसऱ्या सीटला तासभर लागला. उघड्या कडांमधून दोऱ्याची टोकं लोंबत होती. पाईपिन वाकडी झाली. इतकं भिकार काम माझ्या हातून आयुष्यात कधी बाहेर गेलं नव्हतं. भाची म्हणाली, असूच दे, सोयऱ्यांना सांगू फॅशन आहे.

सकाळी त्यांनीच मला राजापेठेत सोडलं. मागं बसत होते तर भाचीनं हाताला धरून पुढं बसवलं.

"आता फुगा तुह्याच बाजूले आहे. बस."

मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता मोकळा लागला तशी जावईबापूंनी एक बटण दाबलं. गाडीचा आवाज बदलला आणि माझी पाठ सीटला चिकटली. माझ्या वयाला ही चाल कशासाठी हे मला समजलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं. मी म्हटलं, "बापू, पळवा, पन माय बसली आहे शेजारी." त्यांनी मुकाट्यानं वेग कमी केला. मग मला डोळा लागला. बडनेऱ्याला जाग आली तर मी बोटांनी ती उघडी कड चाचपत होते म्हणे, झोपेतच.

दुकान उघडलं. तिवश्याचे सर आले, त्यांचं कव्हर बाजू उघडी ठेवून शिवलं. मग फर्मा काढला आणि निळ्या पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं: टर्बोवाली वेगळी. दाराकडची बाजू शिवू नये. सरांकडून चिठ्ठीवरची ती इंग्रजी अक्षरंही खाली काढून घेतली, जशीच्या तशी. सहाच आहेत. रोज चहाच्या वेळी बघते. आता मला ओळखू येतात.

राहिला वरूडचा तो व्यापारी. दिवसभर बसून गाडी नेली, म्हणून त्याचा फोन नंबर मी घेतलाच नव्हता. त्याच्या सीटला चिठ्ठी होती का, ती मी कापली की आत दाबली, काही आठवत नाही. संत्र्याच्या ट्रकवाल्यांजवळ दोनदा निरोप दिला. पांढरी गाडी, काळा टप, हसरा माणूस. ते म्हणतात, मावशी, वरूडमध्ये असे पन्नास आहेत. पुढच्या आठवड्यात मी स्वतःच जाईन म्हणते, पॅकिंगच्या शेडींमधून विचारत. गुडघे नको म्हणतात. तोवर चौकातून तो आवाज आला, मशीनवरचा पेला थरथरला, की मी हातातलं शिवण टाकून बाहेर येते आणि गाडी थांबवून आत डोकावते. लोकांना वाटतं, म्हातारी गिऱ्हाईक शोधते आहे.