कुंडीतला कोळकांदा

बारा जुलै. कुंड्यांतलं तण काढत होते. रानातून आणलेल्या कोळकांद्याला उन्हाळ्यात फुलं येऊन गेली होती. आता हिरवीगार पानं फुटली होती.

मागच्या दारातून सासूबाईंनी विचारलं, "अगं, त्या कुंडीतली पात झुणक्याला खुडू का?" त्यांना हल्ली नीट दिसत नाही. मी खुरपं टाकून उठले.

"नको! तो कोळकांदा आहे, विषारी."

"इश्श! विषारी असता तर कांदा कशाला म्हणाले असते?"

त्या हसल्या, मला हसू येईना. रानात त्याच्यापासून कुणाला धोका नव्हता. तो स्वयंपाकघराशेजारी मीच आणून ठेवला. त्या रात्री झुणक्यात बाजारातलीच पात होती, तरी मी आधी हुंगून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळकांदा कुंपणापलीकडे लावला. कुंडीतली माती बदलली आणि तिथे, सासूबाईंच्या हाताला लागेल असा, घरातला कांदा खोचला.