आई सिरीयस

पोस्टातल्या डिंकाचा आंबूस वास आला की मला कोल्हापूरच्या तार ऑफिसातली ती दुपार आठवते. आईला शाहूवाडीहून आणून राजारामपुरीतल्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि मिलिटरीतल्या थोरल्या भावाला बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काका आणि मी तार करायला गेलो. आत यंत्राची कटकट सतत चालू होती. तारमास्तरांनी मजकूर वाचला, ‘आई सिरीयस, ताबडतोब नीघ’, आणि ते हसले. “जत्रा आली वाटतं गावची?” त्यांचंही चुकलं नव्हतं. सुट्टी मिळावी म्हणून भाऊच दरसाल जत्रेच्या तोंडावर आम्हाला हीच तार करायला लावायचा. पलटणीतल्या पोरांच्या घरून अशाच तारा जायच्या. “न्हाय वो सायेब, औंदा खरंच हाय,” काका म्हणाले, “तसं घाला की तारेत.” “घालतो की. पर ‘खरंच’ समदीच घालत्यात, पावणं.” काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांना दुसरा शब्द सुचेना. मलाही सुचला नाही. तार तशीच गेली. भाऊ वाटेत मिरजेला मित्राकडे मुक्काम करून आला, तोवर आईची राख सावडून झाली होती. काखेत तिच्यासाठी घेतलेलं लुगडं होतं, आणि दारातूनच तो हसत ओरडला, “काय म्हणतीया आमची सिरीयस?” परवा दवाखान्यातल्या माझ्या खाटेशी बसून सून परदेशातल्या माझ्या मुलाला मेल करत होती. “काय लिहू, आई?” तिनं विचारलं. तो शब्द मला अजून सापडलेला नाही.