आबा पडायला तयार नव्हते

माझ्या नवऱ्याला मारामारीच्या सिनेमात हसलेलं चालत नाही. लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा शाळेत खेळाचा शिक्षक आहे, संध्याकाळी जुन्नरला कराटेचा क्लास घेतो, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. सिनेमाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. ते मला येडगावला सासरी आल्यावर कळलं. जेवायला बसलं की हे मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचे आणि हिंदीत डब केलेला कुठला तरी चिनी नाहीतर थाई सिनेमा लावायचे. किक आली की घास हातातच. मागे घ्यायचं, पुन्हा बघायचं, परत मागे घ्यायचं. तोवर भाजीवर साय धरायची.

हळूहळू मलाही ते सिनेमे आवडायला लागले, पण माझ्या आवडीच्या जागा वेगळ्या. एखादा हिरो धिप्पाड गुंडाच्या तोंडावर ठोसा मारतो. गुंड हलतही नाही. मग हिरो रुबाबात पाठ फिरवतो आणि गुंडाला दिसणार नाही असा आपला हात झटकत बसतो. किंवा कुणी तरी मोठ्या ऐटीत स्टूल उचलतो, आणि हातात नुसता स्टुलाचा पाय येतो. अशी जागा आली की हे ती पुढे ढकलायचे.

"अहो, मागे घ्या ना."

"कशाला? तिथं फाईट थांबलीये."

"फाईट कुठं थांबलीये? त्याचा हात दुखतोय."

"हिरोचा हात दुखत नाही," हे म्हणायचे, आणि विषय संपायचा.

मी जुन्नरला एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करते. दिवसभर नवरा-नवरी बघून बघून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. फोटोग्राफरनं सांगितल्यासारखा जो नवरदेव गॉगल लावून संथ चालत येतो, त्याला घरचे लोकसुद्धा एकदाच बघतात. जो चालता चालता मांडवाच्या दोरीला अडखळतो आणि स्वतःच हसतो, त्याची क्लिप सगळे मागून घेतात. हे मी यांना सांगून बघितलं. हे म्हणाले, लग्न वेगळं, फाईट वेगळी.

तर अशा माणसानं गेल्या वर्षी सिनेमा काढायचं ठरवलं. क्लासच्या संमेलनात दाखवायला दहा-पंधरा मिनिटांचा. मुलं मोबाईल सोडून क्लासला येईनात, म्हणून मोबाईलवरूनच त्यांना ओढायचं, असा विचार होता. नावात अग्नी होता, प्रतिशोध होता आणि ज्वालामुखीही होता. गोष्ट अशी की हिरो एकटा गुंडांची टोळी झोपवतो आणि शेवटी त्यांच्या म्होरक्याला धरणाकाठी लोळवतो. हिरो हे. शूटिंग माझ्याकडे, कारण मोबाईल माझा चांगला होता.

टोळीसाठी माणसं मिळेनात. शेवटी घोडेगावला एका कार्यालयात कारकून असलेले यांचे एक मित्र तयार झाले. ते एका रविवारी पिशवीभर शर्ट घेऊन आले आणि सगळी टोळी त्यांनी एकट्यानंच केली. मार खाऊन पडायचं, उठायचं, शर्ट बदलायचा, पुन्हा मार खायला यायचं. मधे एकदा नकली मिशी लावली, ती ठोसा लागायच्या आधीच पडली. म्होरक्याही त्यांनीच करायचा होता. पण पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. साहेबांनी कामासाठी वरच्या डोंगरातल्या गावाला पाठवलं होतं आणि ते एसटीत बसलेसुद्धा होते.

हे पांढरा ड्रेस आणि काळा पट्टा घालून अंगणात उभे होते. समोर आबा, म्हणजे माझे सासरे, म्हशीला वैरण टाकत होते. आबा तरुणपणी जत्रेतले पैलवान. आता सत्तरीला आलेत, पण दारातून आत आले की अजून खोलीत अंधार होतो. हे त्यांच्याकडे बघत राहिले. मला अंदाज आला.

"आबा, सिनेमात काम करता का?"

आबांनी वैरणीचे हात धोतराला पुसले. "मारायचं कुणाला?"

"मारायचं नाही. मार खायचाय. माझा."

आबांनी उरलेली वैरण म्हशीपुढे सारली. मग म्हणाले, "चल. बघू."

धरणाचं पाणी मागे सरकल्यावर जी मोकळी जागा पडते तिथं आम्ही गेलो. काठाला अजून ओल होती, चिखल होता. मागे पाणी, पलीकडे उसाचं रान. मी स्टुलावर मोबाईल लावला. यांनी ठरवलं होतं की आधी हिरो एकटाच हातवारे करणार, मंद वाऱ्यात, सूर्याकडे तोंड करून. ते करू लागले. बराच वेळ करत होते. आबा समोर कमरेवर हात ठेवून उभे.

"आता येतोस, का मी म्हशीला पाणी पाजून येऊ?"

"आबा, तुम्ही मधी बोलायचं नाही. रेकॉर्डिंग चालू आहे."

"मग सांग ना तसं. मला काय ठावं."

पहिली किक आबांच्या छातीजवळ येऊन थांबायची आणि आबांनी मागे कोसळायचं, असं ठरलं होतं. किक आली, थांबली. आबा उभेच.

"आबा, पडा."

"लागलीच न्हाई तर पडू कसा?"

"लागायचं नसतंच. सिनेमात नुसतं दाखवायचं असतं."

"आन गावातली लोकं बघत्याल की, ह्यो न लागता पडला. मी तोंड कुठं दाखवू?"

 मग यांनी उडती किक काढायचं ठरवलं. उडती किक बघून कुणीही पडेल, असं त्यांचं म्हणणं. लांब गेले, धावत आले, उडी मारली. उडी सुंदर होती, हे मी बायको म्हणून सांगत नाही. आबा एक पाऊल बाजूला सरकले, बस. रस्त्यात सायकल आली की माणूस सरकतो तेवढेच. हे त्यांच्या शेजारून निघून गेले आणि चिखलात बसले. पांढरा ड्रेस कमरेपासून खाली काळा झाला.

मला हसू आलं तशी मी तोंडात पदर धरला. मोबाईल मात्र हलू दिला नाही.

तिसऱ्या वेळी यांना राग आला होता. जवळ जाऊन त्यांनी जोरात पाय उचलला. आबांनी तो हातात धरला, खांद्यानं जरा ढकललं आणि हे आकाशाकडे तोंड करून आडवे झाले. इतक्या चटकन की मला कळलंच नाही. पण पुढं मिक्सिंग करताना ती जागा संथ करून बघितली तेव्हा दिसलं, यांचं डोकं जमिनीला लागायच्या आत आबांचा तळहात मानेखाली पोचला होता.

"लागलं का रं?" आबा वाकून विचारत होते.

"आबा, तुम्ही मला पाडलं."

"मी काय केलं? पाय आला, हातानं धरला. हाताला काय माहीत सिनेमा हाय म्हून."

हे उठून पाण्याच्या कडेला जाऊन बसले. तेवढ्यात सासूबाई चहाची किटली घेऊन आल्या. यांचा ड्रेस बघितला, आबांचा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं. "पोराचं ऐका की जरा," त्या आबांना म्हणाल्या. "पडलात तर काय धाकलं व्हताय का?"

आबांनी चहा घेतला. विचार केला. "बरं. एकदाच पडन."

हे पुन्हा उभे राहिले. मी मोबाईल चालू केला. किक आली. आबांनी आधी मागे वळून जागा बघितली. एक दगड पायानं बाजूला सारला. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, चिखलावर नीट पसरला. मग टॉवेलाच्या कडेला टेकले, हळूच आडवे झाले, आणि म्हणाले, "पडलो."

"टोपी काढा आधी," सासूबाई मागून म्हणाल्या, "पांढरी हाय."

आबांनी झोपल्या झोपल्या टोपी काढून पोटावर ठेवली.

यांच्या मते ह्या सगळ्यात चांगलं असं काहीच नव्हतं. स्टुडिओत माझ्या शेजारी बसून यांनी एकेक जागा कापायला लावली. आबांचं बोलणं काढ. सरकणं काढ. टॉवेल काढ. मी गिऱ्हाईक सांगेल तसं करत गेले. किकेला आवाज हवा होता, तर वरमाला पडताना लावतो तो फटाक्यांचा आवाज लावला. उरलं ते संथ करून पुरवलं.

"असंच सगळं ठेवू या ना," मी एकदा म्हणून बघितलं.

"लोक हसतील."

"हसू देत की."

"आपल्याला हसतील," हे म्हणाले. आवाज खाली गेला होता. "इतकी वर्षं शिकवतोय मी. पोरं सर म्हणतात मला."

मी पुढची जागा कापली. पण ते गेल्यावर न कापलेलं सगळं जोडून मी सासूबाईंसाठी वेगळं ठेवलं. त्यांना आबांचं बोलणं पुन्हा ऐकायचं होतं.

संमेलन जुन्नरला एका हॉलमध्ये झालं. मुलं, आईबाप, खुर्च्या कमी पडल्या. मुलांची कौलं फोडून झाली, मग दिवे घालवले आणि यांचा सिनेमा लागला. सूर्य आला, वारा आला, हे हातवारे करत होते. लोक शांत बसले होते. मग पहिला गुंड आला, पडला. दुसरा आला. मागून एक बाई म्हणाली, "हा तर मघाचाच हाय." तिसऱ्या शर्टाला निम्मा हॉल हसला. फटाक्यांचा आवाज आला तेव्हा एका माणसानं शेजाऱ्याला विचारलं, नवरी कुठाय. आबा एकदम उभे दिसले आणि एकदम आडवे. मधलं काहीच नव्हतं.

हे भिंतीला टेकून उभे होते. पडद्याच्या उजेडात मला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. मला फार वाईट वाटलं. लोक दुष्टपणानं हसत नव्हते, पण हसायची जागा त्यांनी स्वतः शोधून काढली होती, आणि सिनेमा काढणाऱ्या माणसाला ती माहीत नव्हती.

दिवे लागले. पहिल्या रांगेत आबा उठून उभे राहिले आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "ह्याच्यात माझं बोलणं कापलंय. आन मी असा पडलो न्हाई."

"मग कसे पडलात, आबा?" कुणी तरी विचारलं.

हॉलमध्ये पुन्हा हशा. हे माझ्याकडे आले. मला वाटलं, चल म्हणतील, घरी जाऊ. ते म्हणाले, "ते दुसरं आहे ना तुझ्याकडं? आईसाठी केलेलं?"

त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढून दिला. तो त्यांनी नेऊन लावला. मग माईक घेतला.

"आत्ता बघितला तो सिनेमा मला जसा हवा होता तसा होता," ते म्हणाले. "आता झाला कसा, ते बघा."

एवढं बोलून ते भिंतीपाशी गेले नाहीत. लोकांच्या मधे, जमिनीवर मुलांबरोबर बसले.

म्हशीला पाणी पाजून येऊ का, इथूनच लोक हसत सुटले. आबा बाजूला सरकले तेव्हा एका आजोबांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी पडद्याकडे कमी आणि यांच्याकडे जास्त बघत होते. उडत्या किकेपर्यंत ते ताठ होते. चिखलात बसले तिथं मान खाली घातली. आबांनी टॉवेल झटकला तेव्हा मात्र त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि "पडलो" ऐकून ते शेजारच्या मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून हसले. लग्नानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

ती क्लिप जुन्नर आणि घोडेगाव दोन्हीकडे फिरली. घोडेगावच्या मित्रांना कार्यालयात लोक विचारू लागले, आज कितवा शर्ट. क्लासला नवी मुलं आली. आईबाप येऊन म्हणायचे, ते पडायचं शिकवतात ना, तोच का हा क्लास. हे आधी चिडायचे, मग त्यांच्याच लक्षात आलं की कराटेत पहिल्यांदा पडायलाच शिकवतात. आता रविवारी आबा क्लासला येऊन बसतात. शिकवत काही नाहीत. मुलं पडली की "लागलं का रं" विचारतात.

दुसरा सिनेमाही आम्ही काढला, आणि तो फसला. ह्या वेळी यांनी वाक्यावाक्याला विनोद लिहिला होता. आबांनी नवीन धोतर घेतलं होतं. प्रत्येक वाक्य झालं की ते मोबाईलकडे बघून हशाची वाट बघायचे. पडताना टॉवेल पसरला, पण इस्त्रीचा. सासूबाईंनी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मागल्या वेळी तुमी खरं भांडत व्हता."  मला वाटतं, त्या दोघांनाही ते पटलं होतं.

मग तिसऱ्या सिनेमात खरं भांडायचं ठरलं. मागच्या आठवड्यात सराव करताना आबांच्या एका डावात यांचा खांदा दुखावला. परवा सकाळी आबा ओसरीत त्यांना तेल लावत बसले होते आणि वाद चालला होता की तो डाव नियमात होता का नव्हता. हे म्हणत होते, कराटेत तसं चालत नाही. आबा म्हणत होते, खांदा तर कुस्तीनं दुखलाय, मग नियम कुस्तीचा. हे उठायला गेले, आबांनी एका हातानं बसवलं. मी आत भाकरी थापत होते. पिठाचे हात पुसले, मोबाईल ओसरीकडे तोंड करून खिडकीतल्या डब्याला टेकवला, चालू केला आणि पुन्हा भाकरीकडे वळले. त्यांना अजून सांगितलेलं नाही.