एक पोतं, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. परभणीत नोकरी लागली तेव्हाच ठरवलं, गावात आई-बाबांच्या डोक्यावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा. मिस्तरी घरचाच होता, माझा धाकटा काका. बोरीच्या आसपासची कितीतरी घरं त्याच्या हातची आहेत.

प्रमाण मी ठरवलं. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. आमच्याकडे वाळू-खडी घमेल्याने मोजतात, आणि घमेलं कुणी काठापर्यंत भरतो, कुणी डोंगर करून. म्हणून मी सुताराकडून एक लाकडी पेटी करून घेतली, बरोबर एक पोतं सिमेंट मावेल एवढी. एका पोत्याला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी; चुकायला जागाच नाही. स्लॅबच्या मापावरून सत्तेचाळीस पोती निघाली, मी पन्नास उतरवून घेतली. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पेटी दाखवायचे. "आमच्या पोरानं हिसाब करून बनविली."

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला. सुरुवातीचा माल पेटीनेच पडला. मग बाबा म्हणाले, "डिझेल कमी पडायलंय. तू बोरीला जाऊन ये. आन् येताना गड्यांसाठी जिलबी आण."

परतलो तेव्हा पेटी पालथी होती आणि तिच्यावर चहाचे कप मांडले होते.

"काका, पेटी?"

"आरं, पेटीनं भरीत बसलो तर स्लॅब दिवाळीला व्हईल! माझा हात हाय का तराजू हाय, इचार की ह्यांना."

गडी हसले. बाबा हसले. मीही हसलो.

दोन दिवसांनी स्लॅबवर पाणी मारायला गेलो. आईने रिकामी पोती धुऊन तारेवर वाळत घातली होती. मोजली. सदतीस. भरलेलं एकही शिल्लक नव्हतं. एवढ्या सिमेंटात तेवढाच स्लॅब भरायचा, तर वाळू जवळजवळ दोन भाग आणि खडी चार भाग पडलेली असणार. उलटं गणित सोपं होतं.

काकाने फसवलं असं वाटून मी तडक बाबांकडे गेलो. ते विळ्याला धार लावत होते.

"बाबा, तेरा पोती गायब आहेत. काकांना विचारा."

"त्याला काय इचारायचं? मीच नेऊ दिली. त्याच्या खोलीचं काम कवापासून अडलंय."

"मला मागितली असती तर मी नाही म्हणालो असतो?"

"दिली असतीस. पर आदी चार येळा हिसाब सांगितला असतास. भावानं भावाला द्यायचं, त्यात तुझी पेटी कशाला?"

"आणि डिझेल?"

"व्हतं की," बाबा म्हणाले आणि विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

स्लॅब पडणार नाही. त्या प्रमाणाची घरं तालुक्यात उभी आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्यांच्या डोक्यावर ते छत येणार होतं, त्यांनीच ते हलकं करण्यासाठी मला जिलबी आणायला पाठवलं होतं.

वास्तुशांतीला आमच्याकडे मिस्तरीला आहेर करतात. टॉवेल-टोपी बाबांनी माझ्याच हातात दिली. मी काकाला टोपी घातली, पाया पडलो. पाठीवर थाप मारून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लय शिकला, पर घमेंड न्हाई."

बाबांचे डोळे भरून आले. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो. ते त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, मला कळलं नाही.