खिशातला रोटर

आधीच सांगून टाकते – भूत, चेटूक, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. कुणाला विहिरीवर बाई दिसली, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली… असलं सांगणाऱ्याला मी दोन उलटे प्रश्न विचारून गप्प करते, आणि त्यामुळे नातेवाइकांत मी जरा नावडतीच आहे. आता वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मीच तुम्हाला असली गोष्ट सांगायला बसलेय. हसा खुशाल. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

ठिकाण – निर्मळ, वसई गावापासून सहाएक मैल. काळ – स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली.

माझे मिस्टर इनास लढाईच्या काळात मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये मोटारी दुरुस्त करायला होते. लढाई संपल्यावर लिलावात त्यांनी एक अमेरिकन पिकअप घेतली. सहा सिलिंडर, डाव्या बाजूला स्टिअरिंग, मागे उघडा हौदा. सोबत सुट्या पार्टसाठी आणखी दोन मेलेल्या गाड्यांचे सांगाडे. तिन्ही गाड्या बैलांनी ओढत आणाव्या लागल्या! वर्षभर ती पिकअप आमच्या अंगणात माडाच्या ओंडक्यांवर बसून होती. येणारा-जाणारा विचारायचा, "इनास, अंडी कधी देनार तुझी कोंबडी?"

त्या वर्षभरात एका गाडीत तीन गाड्या गेल्या. स्प्रिंगचे पाटे एकीचे, रेडिएटर दुसरीचा, पुढचं एक चाक एका जातीचं नि दुसरं वेगळ्याच. उजवा दरवाजा कुठलाच बसेना, म्हणून फणसाच्या फळ्यांचा केला. आणि या सगळ्यात माझे हात होते, हे मी आज छाती पुढे काढून सांगते. नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुणं हे तर झालंच, पण बाराच्या बारा व्हॉल्व्ह मी घासले. पेस्ट लावायची, काठी व्हॉल्व्हवर बसवायची आणि ताक घुसळताना रवी फिरवतो तशी दोन तळव्यांत फिरवायची. मग वरून रॉकेल ओतून बघायचं, थेंब खाली उतरता कामा नये. माझ्या एकाही व्हॉल्व्हमधून थेंब उतरला नाही. मिस्टरांच्या स्वतःच्या हातचे दोन गळले होते, पण ते जाऊ दे.

सासूबाईंना हे बिलकूल पसंत नव्हतं. "बाईच्या हाताला म्हावऱ्याचा वास येऊ दे, पन रॉकेलचा नको," असं त्या रोज एकदा तरी म्हणायच्या, बहुतेक मी वाढत असताना.

आता रोटरबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच आहे. इंजिनच्या बाजूला एक काळी टोपी असते, तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. टोपीच्या आत अंगठ्याएवढा एक तुकडा गरगर फिरतो, तो रोटर. कॉइलमधून आलेली वीज सहाही प्लगना पाळीपाळीने वाटून देण्याचं काम त्याचं. तो नसेल तर प्लगला ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर पेट्रोलच्या गाडीचं लोखंड झालं. आमच्या गाडीच्या रोटरची पितळी पट्टी जळून गेली होती. तिन्ही गाड्यांत धड असा एकही रोटर नव्हता. शेवटी सासूबाईंच्या फुटक्या पितळी तांब्याच्या बुडाचा तुकडा कापला, मिस्टरांनी तो जुन्या रोटरवर रिव्हेट मारून बसवला आणि मी कानशीने घासून मापात आणला. असा रोटर अख्ख्या वसई तालुक्यात एकच होता.

गाडी सुरू झाली. केळी, फुलं, भाजी घेऊन स्टेशनला जायला लागली. पण चालवायची कोणी? फक्त त्यांनी. माझ्या भावालासुद्धा हात लावू देत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझा हात तेवढा नाय, मोनी. हँडल उलटं मारलं तर मनगट जाईल." पण ते बाहेर गेलेले असताना एका दुपारी मी, पुढून इंजिनात घालून फिरवायचं ते लोखंडी हँडल मारून गाडी सुरू केली आणि मागच्या खळ्यात दोन फेऱ्या मारल्या. पहिला गिअर, दुसरा गिअर, रिव्हर्स… सगळं बघून बघून पाठ होतं. पुन्हा होती तिथे नेऊन ठेवली.

त्यानंतर मात्र चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि गाडीने एकदाही दाद दिली नाही. स्विच लावला, चोक ओढला, हँडल मारून मारून खांदा सुजला. साधी खोकलीसुद्धा नाही. टोपी उघडून बघायचं सुचलंच नाही. मला वाटलं, हे म्हणतात ते खरं असणार, आपला हात कमी पडतो. त्या दिवसांत मी मनातून फार खट्टू होते.

मग तो मंगळवार आला. वसईजवळच्या कोळीवाड्यात, पाचूबंदरला, कुणाच्या होडीत नवीन इंजिन बसवत होते, ते बघायला मिस्टर सकाळीच सायकलवरून गेले होते. अकराच्या सुमारास सासूबाई वाडीत केळीची सुकी पानं काढत होत्या आणि तिथे त्यांना घोणस चावली. पायाला, घोट्याच्या वर. घोणसच होती, शेजारच्या शेवंतीवहिनींनी ती ठेचली आणि आम्ही दोघींनी पाहिली.

टांगा सकाळीच वसईला गेलेला. बैलगाडीने अडीच तास. सासूबाईंचा पाय बघता बघता सुजून काळानिळा पडायला लागला होता, आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. शेवंतीवहिनी म्हणाल्या, "भगताला बोलवू?" मी म्हटलं, "भगत नको, माझ्याबरोबर चला."

आम्ही दोघींनी त्यांना उचलून पिकअपमध्ये घातलं. मी लुगडं वर खोचलं, स्विच लावला, पुढे आले आणि हँडल धरलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, जसं मिस्टर धरत तसं. मनात इतकंच होतं की हात कमी पडता कामा नये. बाकी काही नाही. कुणाची प्रार्थना केली असं म्हणावं तर तेही आठवत नाही.

अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं.

अर्ध्या! मिस्टरांनासुद्धा सकाळी तीन-चार फेरे लागायचे. आणि आवाज असा एकसारखा… आमच्या गाडीचा सहावा सिलिंडर अधूनमधून चुकायचा, ते मला झोपेतही कळलं असतं. त्या दिवशी एक ठोका चुकला नाही. त्यावेळी मी त्याचा विचार केला नाही, गाडी काढली आणि निघाले.

भुईगाव, गिरीज… रस्ता म्हणजे धुरळा आणि बैलगाड्या. लोक बाजूला होऊन तोंड उघडं टाकून बघत होते. शेवंतीवहिनींनी एका हाताने सासूबाईंना धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने डोळे झाकले होते. सासूबाई मात्र तशाही अवस्थेत बोलत होत्या. "हळू गो मोनी! मी मेले तरी चालेल, पन कोनाला चिरडू नको." मी म्हटलं, "आय, गप पडून राहा. कोणी मरत नाही." आणि तिसरा गिअर टाकला. खळ्यात कधी तिसऱ्यापर्यंत गेलेच नव्हते.

वसई गावातल्या होळीच्या बाजारात (त्या भागाचं नावच होळी) गर्दी होती, तिथे हॉर्न दाबला तर हॉर्न वाजेना. मग मीच ओरडत गेले. दवाखान्याच्या दारात ब्रेक लावला, लोकांनी सासूबाईंना खाली घेतलं, आणि त्यांचा पाय गाडीतून बाहेर पडला तेव्हा इंजिन आपोआप बंद पडलं. स्विचकडे माझा हात जायचा होता अजून. मला वाटलं पेट्रोल संपलं.

डॉक्टरांनी चावून किती वेळ झाला विचारलं. मी म्हटलं, "पाऊण तास." त्यांनी माझ्या धुळीने भरलेल्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "निर्मळहून? कशाने आलात?" मग उत्तराची वाट न बघता इंजेक्शन भरायला घेतलं.

तिकडे पाचूबंदरला काय झालं ते मला नंतर कळलं. लक्ष्मण नावाचे एक कोळी मिस्टरांच्या ओळखीचे. ते बाजारातून धावत गेले आणि म्हणाले, "इनास, तुजी गाडी दवाखान्यापुढं उभी हाय! बायको चालवीत आनली." मिस्टर हसले. शर्टाच्या खिशातून रोटर काढून त्यांनी सगळ्यांपुढे धरला आणि म्हणाले, "कुणाची दुसरी गाडी बघून आलास. माझ्या गाडीचा जीव हा माझ्या खिशात आहे." लक्ष्मण म्हणाले, "दरवाजा फनसाचा हाय तिचा." तेव्हा मिस्टरांचं हसू गेलं.

सायकल दामटत ते आले, आईला बघितलं, डॉक्टरांशी बोलले. मग बाहेर येऊन त्यांनी बॉनेट उघडलं. मी शेजारीच उभी. टोपीच्या दोन्ही क्लिपा काढल्या, टोपी उचलली. आत नुसता दांडा. रोटर नाही!

त्यांनी खिशातून रोटर काढला आणि तळहातावर ठेवला. तांब्याच्या बुडाचं ते पितळ, त्यावर माझ्या कानशीचे ओरखडे. ओळख पटायला मला वेळ लागला नाही.

"हा किती दिवस खिशात आहे?" मी विचारलं.

"मिलिटरीची सवय गो… गाडी सोडताना रोटर काढायचा, म्हणजे कोणी पळवीत नाय."

"किती दिवस?"

ते खाली बघायला लागले. "तीन आठवडे. खळ्यात चाकांच्या खुणा दिसल्या तेव्हापासून."

मला काय वाटलं सांगू? गाडी कशी चालली ही भीती नंतर आली, रात्री, अंथरुणावर. त्या क्षणी मला फक्त राग आला. तीन आठवडे मी स्वतःला दोष देत होते. मी म्हणाले, "म्हणजे माझा हात कमी पडत नव्हता."

"नाय," ते म्हणाले. "तुझा हात कमी नाय. कधीच नव्हता."

मग त्यांनी टोपी तशीच रिकामी बसवली आणि हँडल मारायला सुरुवात केली. रोटरशिवाय. चाळीस वेळा तरी मारलं असेल, घामाने शर्ट भिजला. गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. मी पेट्रोल बघितलं, टाकी पाऊण भरलेली. शेवटी ते बंपरवर बसले आणि रोटर माझ्या हातात दिला. "आता हा तुझ्याकडे ठेव," म्हणाले. "मना नको."

मी तो बसवला, टोपी लावली, हँडल घेतलं. दोन फेऱ्यांत लागली, आणि सहावा सिलिंडर नेहमीसारखा चुकायला लागला.

तीन दिवसांनी सासूबाईंना घरी आणलं. गाडी मी चालवली, मिस्टर उजवीकडे फणसाच्या दरवाजापाशी बसले. होळीच्या बाजारात कुणी विचारलं नाही तरी ते ज्याला-त्याला सांगत होते, "माझी बायको हाय! व्हॉल्व्हसुद्धा तिनेच घासलेत." सासूबाई पुढे बावीस वर्षं जगल्या आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या, "माझ्या सुनेनं मना आनलं." रॉकेलच्या वासाबद्दल पुन्हा अवाक्षर नाही. पुढे मी रीतसर लायसन्स काढलं.

रोटरचं मात्र आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोवर कुलूप घातल्यासारखं ते केलं, याची त्यांना फार लाज वाटायची, म्हणून मीही तोंड उघडलं नाही. लक्ष्मण आणि ते होडीवाले, मिस्टरांच्या खिशातला रोटर दुसराच असणार असं समजून विसरून गेले. आता मिस्टर नाहीत. आणि ते माझ्याबद्दल सांगताना ज्या तोऱ्याने सांगायचे, तो आठवला की वाटतं, पूर्ण गोष्ट सांगितली तरी ते रागावणार नाहीत.

माझा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, मावशी, टोपीत दमट हवा असेल, ठिणगीने उडी मारली असेल. मी म्हटलं, सहाही प्लगना पाळीपाळीने, सहा मैल, एकही ठोका न चुकता? आणि मग तीच ठिणगी तासाभरात चाळीस वेळा का उडाली नाही? शेवंतीवहिनी त्यांच्या देवाला नारळ देऊन आल्या. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, पण ती सासूबाईंच्या पायासाठी.

तो रोटर अजून माझ्याकडे आहे, रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, डबीत. कधीमधी काढून बघते. पन्नासहून जास्त वर्षं विचार केला, कारण मी असल्या गोष्टी मानणारी नाही आणि अजूनही मानत नाही. त्या दिवशी गाडी कशाने चालली, ते मला सांगता येत नाही. कोणी चालवली, ते मात्र सांगते. मी चालवली.