सुमंत घाटे यांचे नऊ पंखे

सुमंत घाटे सकाळी दुकानात येताना लोहापुलाकडून वळसा घेतात. सरळ रस्त्याने आलं तर वैभवीच्या दुकानाची पाटी दिसते. पाटी त्यांना तोंडपाठ आहे, तरी वाचली की दिवस नासतो.

घाट्यांचं वय बावन्न. सीताबर्डीच्या एका गाळ्यात सत्तावीस वर्षं ते कॉम्प्युटर जोडतात. वैभवी रामटेककडच्या धानाच्या शेतकऱ्याची मुलगी. चार वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकली आणि मग चारशे पावलांवर स्वतःचा गाळा घेतला. सांगून, पेढे देऊन घेतला. लपूनछपून घेतला असता तर घाट्यांना निदान चारचौघांत बोलता आलं असतं.

यंदा एप्रिलमध्ये डॉ. मुकुंद ओगल्यांचा फोन आला. धंतोलीत त्यांचं स्कॅन सेंटर आहे. तिथले अकरा कॉम्प्युटर उन्हाळ्यात तापून मधेच बंद पडायचे, ते सगळे बदलायचे होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "वैभवीलाही सांगितलंय. दोघांनी एकेक बनवून आणा. भर दुपारी शेजारी-शेजारी ठेवून तासभर चालवू. ज्याचा थंड राहील, त्याला अकराही."

एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याने आपल्याला परीक्षेला बसवावं, आणि तेही तिच्या बाकावर! घाटे "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या ठोक विक्रेत्या धर्मेंद्रकडे गेले. धर्मेंद्रला न विचारता बोलायची सवय.

"घाटेसाब, तुमची वैभवी कालच पंखे घेऊन गेली ना! सहा."

"सहाच?"

"सहाच. त्यातले दोन तर निव्वळ करडे, लाइट ना काही. म्या म्हटलं, काहून वं, तेरवीचा कॉम्प्युटर बनवून राहिली का? तर नुसती हसली."

"मला नऊ दे," घाटे म्हणाले. "लाइटवाले."

ते दोन करडे पंखे कशासाठी, हे घाट्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रोसेसरची उष्णता पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये येते. त्याच्या दाट पात्यांमधून हवा रेटावी लागते, म्हणून तिथे दाबाचा पंखा हवा. कॅबिनेटमध्ये हवा खेळवायला दुसऱ्या जातीचा चालतो. वैभवीला हे शिकवलं होतं त्यांनीच. पण नऊ सारख्या पंख्यांचा संच झगमगत होता, आणि सहाच्या पुढे नऊ होते. त्यांनी नऊही बसवले. दिवे दिसावेत म्हणून समोर अख्ख्या काचेचं कॅबिनेट घेतलं, आणि रेडिएटर त्या काचेच्याच मागे लावला. हवा आत यायला कडेला बोटभर फट उरली. घरी कूलर लावला की हेच घाटे आधी खिडकी उघडतात. बंद खोलीत कूलर कामाचा नाही, हे ते बायकोला दर उन्हाळ्यात ऐकवतात.

परीक्षेच्या दिवशी बाहेर पंचेचाळीस अंश होते. वैभवीचं कॅबिनेट काळं, समोर नुसती जाळी. तीन पंखे समोरून हवा आत घेत होते, वरच्या रेडिएटरवरचे दोन करडे आणि मागचा एक ती बाहेर टाकत होते. बघण्यासारखं काही नव्हतं. घाट्यांच्या कॅबिनेटभोवती मात्र सेंटरच्या नर्स जमल्या. एकीने मोबाइल काढून फोटो घेतला. घाट्यांनी चोरून वैभवीकडे पाहिलं. तिने फोटो घेणारीला जागा करून दिली होती. तिला जळता येत नाही, याचाही त्यांना राग आला.

दोन्हींवर स्कॅनचं एक चित्र सतत फिरवत ठेवलं. अर्ध्या तासात वैभवीचा तापमानाचा आकडा चौऱ्याहत्तरवर थांबला. घाट्यांचा ब्याण्णववर गेला आणि स्कॅनचं चित्र अडखळत फिरू लागलं.

"पंख्यांचा आवाज तर विमानासारखा आहे," डॉक्टर म्हणाले. "मग हवा जाते कुठे?"

घाट्यांनी रुमालाने समोरची काच पुसली.

"दादा, मी एक करून पाहू का?" वैभवी हळूच म्हणाली. "पंखे तुमचे ठीकच आहेत. त्यायले हवाच भेटून नाही राहिली." उत्तराची वाट न बघता तिने समोरची काच अलगद काढली. आकडा उतरू लागला. दहा मिनिटांत अठ्ठ्याहत्तर.

डॉक्टर खूश झाले. "अरे, मग भांडण काय? घाटे, काचेऐवजी जाळी लावा. निम्मे तुम्ही करा, निम्मे वैभवी."

एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक राहत होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. घाट्यांनी वैभवीच्या हातातली काच पाहिली. तिने ती दोन्ही हातांनी, बोटांचे ठसे उमटू नयेत अशी कडेने धरली होती. त्यांनीच शिकवलं होतं तसं. हे काम मिळालं असतं तर ते तिच्या हातून मिळालं असतं, आणि डॉक्टर ते दहा जणांना कौतुकाने सांगणार होते.

"द्या इकडे," घाटे म्हणाले. चार वर्षं ते तिला 'अगं' म्हणत आले होते.

"दादा, राहू द्या ना."

"मी असंच आणलंय. असंच मोजा."

त्यांनी काच परत बसवली. आकडा चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद, ब्याण्णव झाला. मग डॉक्टर वैभवीकडे वळले आणि अकराही कधीपर्यंत होतील, असं विचारलं. ती घाट्यांकडे बघत होती. डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.