त्सुनेयोच्या माठातला उतरलेला आंबटपणा

करडईचा लाल रंग आमच्या ताकासे गावात त्सुनेयोसारखा कुणालाच साधत नसे. पाकळ्या राखेच्या निवळीत चोळल्या की रंग पाण्यात उतरतो. मग धुरी दिलेल्या उमे या आलुबुखारासारख्या फळांचं आंबट पाणी ओतलं की तोच रंग पाणी सोडून रेशमाला बिलगतो. उभा जन्म तिने हेच केलं.

त्या हिवाळ्यात मात्र एका नवरीचं रेशीम फिकट निघालं. दुसरी खेपही तशीच. रंग सगळा कुंडातच राहिला. तिने उमेच्या माठात बोट बुडवून चाखलं. आंबट होतं, पण जीभ आवळत नव्हती.

पहिला संशय आला तो जावेचा. हात्सुए, धाकट्या दिराची विधवा, तिच्याच हाताखाली काम करायची आणि अलीकडे पलीकडच्या गावच्या रंगाऱ्याकडे जाऊन आली होती. माठात पाणी हिनेच घातलं असणार. त्सुनेयोने नवीन फळं भिजवली, माठ निजायच्या खोलीत नेला, आणि हात्सुएच्या पावलांचा कानोसा घेऊ लागली. पुढची खेपही फिकीच.

जेवताना तिने विचारलं, "त्या रंगाऱ्याने काय कबूल केलंय तुला?"

हात्सुएने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "माझ्या भाच्याला त्याची मुलगी सांगून आलीये, म्हणून गेले होते. माठ तर तुम्ही उशाशी घेऊन निजता, जाऊबाई. त्या खोलीत आणखी कोण निजतं, ते बघा की."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी निघून गेली.

खोलीत आणखी निजत होता तो नवरा, किइचिरो. त्सुनेयो आता त्याच्यावर नजर ठेवू लागली. एका सकाळी दाराआडून पाहिलं, तर तो शेगडीतली राख माठात टाकत होता.

"अहो, हे काय चाललंय?"

तो दचकला. "हे आंबट झोंबून पडलेल्या तुझ्या हातांच्या भेगा बघवत नाहीत गं. थोड्या राखेने आंबट जरा मवाळ पडतं. बाकीचं आंबट आहेच की त्यात."

ते होतंच. पण असल्या आंबटातलं थोडंसंच सुटं होऊन कामाला लागतं, बाकीचं बांधलेलं असतं. राख त्यातलं थोडं खाते, आणि त्यातून जो क्षार होतो तो उरलेल्यालाही सुटं होऊ देत नाही. म्हणून राख थोडी, पण माठ पार मवाळ.

माठ ओतून दिला, पुन्हा फळं भिजवली, रेशीम लालभडक निघालं. किइचिरोने भेगांसाठी घोड्याची चरबी आणून दिली. त्सुनेयो जावेला आणायला गेली, तेव्हा हात्सुएने तिला बराच वेळ दारातच उभं ठेवलं.

ती परत आली, पण स्वतःचं कुंड वेगळं मांडून. आजही हात्सुए ढवळायला वाकली की त्सुनेयो काम थांबवून बघत राहते. हात्सुएला ते कळतं. मग ती मुद्दाम सावकाश ढवळते.